जॉन स्टेनर : ऑर्गनच्या बाकावरचा मास्तर

षड्जपंचम

लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये १८७० च्या सुमाराला रोजच्या उपासनेला किती गायक उभे राहतील, हे आधी कुणी सांगू शकत नसे. पुरुष गायकांच्या जागा तहहयात होत्या. स्वतःला यायचं नसेल तर बदली माणूस पाठवायचा आणि तालीम न करता थेट गायला उभं राहायचं, असा शिरस्ता. मुलं मोजकीच. त्या अवाढव्य घुमटाखाली त्यांचे आवाज कुठल्या कुठे विरून जात. १८७२ साली तिथे ३१ वर्षांचा एक ऑर्गनवादक नेमला गेला. सोळा वर्षांनी त्यानं ती जागा सोडली तेव्हा देशभरातली चर्चेस याच गायकवृंदाकडे बघून आपली तयारी जोखत होती. त्याचं नाव जॉन स्टेनर.

आज स्टेनर आठवतो तो एक-दोन रचनांपुरता, आणि त्यांच्याबद्दलही जाणकार नाकं मुरडतात. मला त्याच्याबद्दल लिहावंसं वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. हा माणूस जिथे गेला तिथे त्यानं समोर असलेल्या माणसांकडून गाऊन घेतलं. मुलं, शेतावरची माणसं, पगारी गवई, प्राथमिक शाळेचे होऊ घातलेले शिक्षक, जे असतील ते. त्याच्या कारकिर्दीचं हे सूत्र सापडलं की बाकीचं सगळं आपोआप जागेवर बसतं.

जन्म ६ जून १८४० चा, लंडनच्या सदर्क भागातला. वडील आधी सुतारकाम, कपाटं-टेबलं बनवणारे, पुढे तिथल्याच चर्चच्या शाळेत मास्तर. घरात पैसा बेताचा, पण एक छोटा ऑर्गन होता आणि वडील स्वतः वाजवत. लहानपणी अपघातानं जॉनचा डावा डोळा गेला. पुढचं सगळं आयुष्य एका डोळ्यावर, तेही बारीक छापलेल्या स्वरलिपीत डोकं घालून. सेंट पॉल्समध्ये तो गाणारा मुलगा म्हणून दाखल झाला. १८५२ साली ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या अंत्ययात्रेच्या उपासनेत गाणाऱ्या मुलांत तो होता. १८५४ मध्ये बाख या जर्मन संगीतकाराचं 'सेंट मॅथ्यू पॅशन' (ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांची कथा सांगणारी गायक आणि वाद्यवृंदाची मोठी रचना) इंग्लंडमध्ये पहिल्यांदा सादर झालं, त्यातही तो गायला. या दुसऱ्या गोष्टीकडे पुन्हा येऊ.

इथे मारिया हॅकेट या बाईंचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. कॅथीड्रलात गाणाऱ्या मुलांना नीट शिक्षण मिळावं, त्यांच्या नावानं ठेवलेला पैसा त्यांच्यावरच खर्च व्हावा, म्हणून ही बाई आयुष्यभर गावोगावच्या कॅथीड्रलांना भेटी देत आणि अधिकाऱ्यांना पत्रं लिहीत राहिली. स्टेनरला जॉर्ज कूपरकडे ऑर्गन शिकायला मिळाला तो त्यांच्या मदतीमुळे. चौदाव्या वर्षी त्याच्याकडे लंडनच्याच एका लहान चर्चच्या ऑर्गनचं काम आलं.

मग आला फ्रेडरिक औसली. सरदार घराण्यातला, धर्मगुरू, ऑक्सफर्डला संगीताचा प्राध्यापक. यानं वूस्टरशायरमध्ये टेनबरी या गावाजवळ १८५६ साली स्वतःच्या पैशानं एक कॉलेज उभारलं. रोज गाऊन उपासना व्हावी आणि ती कशी व्हावी हे इतरांना दिसावं, हा त्याचा ध्यास. त्यानं स्टेनरचं वादन ऐकलं आणि या कोवळ्या पोराला थेट तिथला ऑर्गनवादक नेमलं. औसलीचा ग्रंथसंग्रह तर असा की हँडल हा संगीतकार स्वतः ज्या प्रतीवरून 'मसाया' ही आपली प्रसिद्ध रचना सादर करत असे, ती त्याच्याकडे होती. शहराबाहेर, रोजची दोन वेळची उपासना, शिकवायला मुलं आणि वाचायला जुनी हस्तलिखितं. स्टेनर घडला तो इथे असं मला वाटतं. पुढे म्हातारपणी तो पंधराव्या शतकातल्या संगीताकडे वळला, त्याचं बीही इथलंच.

१८६० मध्ये तो ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजला गेला आणि वर्षभरात विद्यापीठाचा ऑर्गनवादकही झाला. तिथल्या बारा वर्षांत नोकरी सांभाळून बीए, एमए आणि संगीतातली डॉक्टरेट केली, संसार थाटला. हा काळ मी भरभर ओलांडतो, कारण खरी कसोटी सेंट पॉल्सला होती.

तिथे त्याच्या आधी जॉन गॉस होता. गॉस फार सज्जन माणूस, चांगला रचनाकार, पण हाताखालच्या गवयांना वठणीवर आणणं त्याच्या स्वभावात नव्हतं. १८७१ मध्ये रिचर्ड चर्च हे कॅथीड्रलचे डीन, म्हणजे प्रमुख धर्मगुरू झाले आणि तिथल्या कारभाराला वळण लागू लागलं. स्टेनरला त्यांचं पाठबळ मिळालं. पुरुष गायकांची संख्या अठरावर नेली, तालीम सक्तीची केली, मुलांची संख्या कितीतरी वाढवली. मुलांसाठी कार्टर लेनमध्ये १८७५ पर्यंत राहण्याची सोय असलेली शाळा उभी राहिली. (लंडनला गेलात तर बघा, तिथे आता युवा वसतिगृह आहे.) जुने लोक एका दिवसात बदलले नाहीत. स्टेनर चिडून भांडणाऱ्यांतला नव्हता. तो रोज वेळेवर हजर राहायचा, तयारी करून यायचा आणि तेच दुसऱ्याकडून मागायचा.

आणि १८७३ च्या पवित्र सप्ताहात (ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात) त्यानं सेंट पॉल्समध्ये वाद्यवृंदासह 'मॅथ्यू पॅशन' केलं. तिकीट नाही, उपासनेचा भाग म्हणून. ते मग दर वर्षी होऊ लागलं. लहानपणी सभागृहात जे गायला, ते यानं चर्चमध्ये आणून सगळ्यांना खुलं केलं. त्याच्या आयुष्यातली ही गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते.

१८७७ मध्ये त्याचं ऑर्गनवरचं क्रमिक पुस्तक आलं. पाय कसे ठेवायचे, टाच कधी आणि चवडा कधी, एका पायानं सलग स्वर कसे जोडायचे, अशा साध्या भाषेतल्या पाठांवर इंग्लंडच्या कितीतरी पिढ्या शिकल्या. १८८१ मध्ये तो संगीतकार आर्थर सलिव्हननंतर नॅशनल ट्रेनिंग स्कूल या संगीतशाळेचा प्राचार्य झाला आणि १८८२ मध्ये सरकारी संगीत निरीक्षक. १८८८ मध्ये उरलेला डोळाही साथ देईना म्हणून त्यानं सेंट पॉल्स सोडलं. त्याच वर्षी 'सर' ही पदवी मिळाली. त्याच्या जागी आला जॉर्ज मार्टिन, त्याचाच विद्यार्थी.

यानंतर माणूस विश्रांती घेईल. हा १८८९ ला औसलीच्या जागी ऑक्सफर्डचा प्राध्यापक झाला आणि बॉडलियन ग्रंथालयातलं एक पंधराव्या शतकातलं हस्तलिखित घेऊन बसला. मुलगा आणि मुलगी यांच्या मदतीनं १८९८ मध्ये 'दुफाय आणि त्याचे समकालीन' हे पुस्तक काढलं. दुफाय हा पंधराव्या शतकातला संगीतकार; त्याचं नाव तेव्हा अभ्यासकांपलीकडे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. अंधूक दिसणाऱ्या एका डोळ्याच्या माणसानं चारशे वर्षांपूर्वीची स्वरलिपी उलगडण्याचं काम हाती घ्यावं, याला काय म्हणावं?

३१ मार्च १९०१ ला, पाम संडेच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) दिवशी, इटलीत व्हेरोना इथे तो गेला. ऑक्सफर्डच्या होलीवेल दफनभूमीत त्याला पुरलं.

खर्जातला

छान लेख. एक प्राथमिक प्रश्न. ऑर्गन म्हणजे माझ्या डोक्यात बालगंधर्वांच्या नाटकातला पायानं भाता मारायचा ऑर्गन आहे. हा तोच का? आणि पायांनी भाता मारत असतील तर पायांनी स्वर कसे वाजवणार?

वारा_आणि_नळी

खर्जातला, तो वेगळा. रंगभूमीवरच्या ऑर्गनमध्ये पेटीसारख्याच धातूच्या पट्ट्या असतात आणि हवा वाजवणाऱ्याच्या पायातून येते. चर्चच्या मोठ्या ऑर्गनमध्ये हवा दुसरीकडून येते (पूर्वी माणसं भाते ओढत, नंतर यंत्रं आली). ती हवापेटीत साठते आणि पट्टी दाबली की त्या स्वराच्या नळीत शिरते. त्यामुळे पाय मोकळे. त्यांच्यासाठी खाली लाकडी लांब पट्ट्यांचा वेगळा स्वरपट असतो, खर्जाचे स्वर तिथे. कुठल्या जातीच्या नळ्या वाजाव्यात हे बाजूच्या मुठी ओढून ठरवायचं.

सेंट पॉल्सच्या ऑर्गनबद्दल धाग्यात यायला हवं होतं. मूळचा सतराव्या शतकाच्या अखेरचा, बर्नार्ड स्मिथनं बांधलेला, आणि आधी तो गायकांच्या भागासमोरच्या अडसरावर होता. लोकांना पलीकडचं काही दिसत नसे. १८७२ मध्ये हेन्री विलिसनं तो नव्यानं बांधताना जुन्या कोरीव पेटाऱ्याचे दोन भाग केले आणि समोरासमोर दोन्ही बाजूंना उभे केले. वादक एकाच बाजूला बसणार. मग पलीकडच्या नळ्या वाजायच्या कशा? इतक्या लांब काठ्या आणि तारा नेल्या तर पट्ट्या दगडासारख्या जड होतात. विलिसनं जमिनीखालून हवेच्या बारीक नलिका नेल्या. पट्टी दाबली की त्या नलिकेतून दाब पलीकडे पोचतो आणि तिथली झडप उघडते. त्या काळी हे फार नवं होतं. म्हणजे स्टेनर आला त्याच वर्षी हा ऑर्गनही आला.

वांद्रेकरीण

मी चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, आल्टो (बायकांचा खालचा आवाज) गाते. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत आम्ही स्टेनरचं 'द क्रुसिफिक्शन' (ख्रिस्ताच्या क्रूसावरच्या मरणावरची रचना) गायलं आहे, म्हणून गाणाऱ्याच्या बाजूनं थोडं लिहिते.

यात टेनर (पुरुषांचा वरचा) आणि बास (खर्जातला) असे दोनच एकल आवाज, क्वायर आणि ऑर्गन. वाद्यवृंद नाही. मधे मधे स्तोत्रं आहेत, ती बाकांवर बसलेल्या सगळ्यांनी उभं राहून गायची. दोन तालमी बुडवलेल्या माणसालाही त्यात जागा सापडते, असं ते बांधलेलं आहे. मग एका ठिकाणी ऑर्गन पूर्ण थांबतो आणि देवानं जगावर एवढी प्रीती केली हे वचन चार आवाजांत, काही आधार नसताना गायचं असतं. कागदावर इतकं सोपं दिसतं की पहिल्या वाचनात आम्ही सगळे खूश. पण हळू आणि लांब श्वासाचं आहे. कुणी जरा सैल पडलं की सगळा क्वायर खाली उतरतो, आणि नंतर ऑर्गन सुरू झाला की ते चव्हाट्यावर येतं. आमच्याकडून ते पडू न देता झालं त्या दिवशी मला कळलं की हा माणूस रचनेतूनही शिकवतो.

चिकित्सक

लेखाबद्दल आदर ठेवून असहमती. स्टेनरचं संगीत मला सहन होत नाही. सगळं गोड, सगळं मऊ, दर चौथ्या मात्रेला हुंदका. बाख रोज वाजवणाऱ्या माणसानं असं लिहावं हे कोडंच आहे. तो चांगला व्यवस्थापक होता, मान्य. पण संगीतातला मोठेपणा रचनेवरून ठरत नसेल तर कशावरून ठरवायचा?

षड्जपंचम

चिकित्सक, तुमच्या बाजूनं एक पुरावा मीच देतो. एडमंड फेलोज या अभ्यासकानं लिहून ठेवलं आहे की आयुष्याच्या अखेरीस स्टेनर स्वतःच त्याच्याशी बोलताना म्हणाला होता, यातलं बरंचसं छापायला नको होतं. धर्मगुरू मित्रांच्या आग्रहापुढे नाही म्हणता आलं नाही, म्हणून त्या रचना झाल्या.

पण ते मित्र का मागत होते तेही बघा. गावोगावची चर्चेस नुकती स्वतःचे गायकवृंद उभे करत होती. त्यांत दुकानदार, कारकून, शिंपी. त्यांना विल्यम बर्ड या जुन्या इंग्लिश रचनाकाराचे पाच-सहा आवाजांचे गुंते झेपणार नव्हते आणि वाद्यवृंदाचे पैसे नव्हते. 'द क्रुसिफिक्शन' सेंट पॉल्ससाठी लिहिलेलंच नाही. ते त्यानं विल्यम हॉज या आपल्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या मॅरिलबोन चर्चच्या क्वायरला अर्पण केलं, आणि २४ फेब्रुवारी १८८७ ला त्यांनीच ते पहिल्यांदा गायलं. स्वतःच्या कॅथीड्रलात तो बाख करत होता. ज्यांना बाख झेपत नाही त्यांच्यासाठी त्यानं हे लिहिलं. वांद्रेकरीण यांनी वर जे लिहिलंय ते वाचल्यावर मला हा निव्वळ गोडवा वाटत नाही.

मोठेपणाच्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे. आपल्याकडे ज्या गुरूंच्या नावावर एकही बंदिश नाही, पण ज्यांच्या हाताखालून दहा गवये तयार झाले, त्यांना आपण लहान म्हणत नाही. तोच न्याय इथे लावा.

चिकित्सक

गुरूंचा मुद्दा पटला. रचनांबद्दल मत कायम.

शाळामास्तर

निरीक्षकाच्या कामाबद्दल तुम्ही एका वाक्यात आटोपलंत, मला तर तोच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १८८२ च्या नियमांप्रमाणे इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळांना गाण्यासाठी अनुदान मिळे. मुलं नुसती ऐकून गात असतील तर दर मुलामागे सहा पेन्स, स्वरलिपी वाचून गात असतील तर एक शिलिंग, म्हणजे दुप्पट. साहजिकच शाळांना वाचून शिकवणारा शिक्षक हवा. ते शिक्षक जिथे तयार होत त्या कॉलेजांत जाऊन विद्यार्थ्यांची परीक्षा घेणं हे स्टेनरचं काम होतं. कॅथीड्रलच्या ऑर्गनवरून उठून हा माणूस अध्यापक विद्यालयातल्या पोरापोरींची गाणी ऐकायला जात होता!

त्याच्या आधीचे निरीक्षक जॉन हुल्ला यांचा 'डो' (पाश्चात्य सरगमचा पहिला स्वर) पक्का होता. पट्टी कुठलीही असो, पियानोवरचा ठरलेला स्वरच 'डो'. एका पट्टीत जमतं, पट्टी बदलली की मुलं गोंधळतात. दुसरीकडे सॅरा ग्लोव्हर या नॉरिचच्या बाईंनी सुरू केलेली आणि जॉन कर्वेननं पसरवलेली टॉनिक सोल्-फा ही गाणं शिकवण्याची पद्धत. तिच्यात 'डो' सरकतो, जी पट्टी घ्याल तिथे. म्हणजे आपल्या षड्जासारखाच. काळी चार घ्या की पांढरी एक, तुमचा सा तो सा. उच्चभ्रू संगीतकार या सोल्-फाला गरिबांची लिपी समजत. स्टेनरनं आकस ठेवला नाही. मॅकनॉट हा सोल्-फावाला त्याचा सहायक निरीक्षक होता. माझ्या शाळेतल्या मुलांना मी आधी सा लावायला शिकवतो आणि नंतर पेटीवरचे स्वर दाखवतो, म्हणून हे वाचताना फार जवळचं वाटलं.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितो. आमच्याकडे चर्चला जोडून ज्या पॅरिश शाळा होत्या, तिथे 'मेस्त' असायचा. मुलांना सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणं), व्हायोलिन आणि लॅटिन गाणी शिकवायची, रविवारी चर्चमध्ये क्वायर सांभाळायचा, लग्न-मयताला वाजवायचं, असं सगळं काम त्या एका माणसाकडे. पुढे मुंबईच्या बँडांत आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत जे गोवेकर वाजवू लागले, त्यांतल्या पुष्कळांचा पाया याच शाळांत झाला. परंपरा पोर्तुगीज-कॅथलिक, स्टेनरची अँग्लिकन, एकमेकांशी संबंध नाही. पण वाजवणारा आणि शिकवणारा हे एकच माणूस असणं, हे दोन्हीकडे आहे. मेस्तांवर कुणीतरी नीट लिहायला हवं. त्यांची नावंसुद्धा आता गावातल्या म्हाताऱ्यांनाच आठवतात.

पूर्वाकल्याण

या सगळ्यात बायका कुठे आहेत? हॅकेट आणि ग्लोव्हर ही दोन नावं आली, पण ऑर्गन वाजवणाऱ्या कुणी होत्या की नाही?

षड्जपंचम

मांडवीकाठ, तुम्हीच लिहा, वाट बघतो. शाळामास्तर, तो भाग तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडलात.

पूर्वाकल्याण, होत्या, आणि स्टेनरच्या घरातच होती. त्याची बहीण ॲन लंडनच्या स्ट्रेथम भागातल्या मॅग्डलेन हॉस्पिटलच्या चॅपलमध्ये पन्नास वर्षं ऑर्गन वाजवत होती. भाऊ 'सर' झाला, बहिणीचं नाव संगीतकोशांत शोधावं लागतं.

त्याहून मोठं नाव एलिझाबेथ स्टर्लिंग. जन्म १८१९, ग्रिनिच. अठराव्या वर्षी तिनं लंडनमध्ये बाखच्या पेडलवाल्या, म्हणजे पायांचा स्वरपट लागणाऱ्या रचनांचा जाहीर कार्यक्रम केला. इंग्लंडमधल्या किती तरी ऑर्गनांना तेव्हा पुरेशी पेडलंच नव्हती, आणि ही पायघोळ झग्यात ती वाजवत होती. पॉप्लरच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये जवळजवळ वीस वर्षं आणि मग १८५८ ते १८८० सेंट अँड्र्यू अंडरशाफ्टला ती ऑर्गनवादक होती. १८५६ मध्ये तिनं ऑक्सफर्डच्या बी.म्यूझ. या संगीतातल्या पदवीसाठी बायबलमधल्या १३० व्या स्तोत्रावर पाच आवाजांची वाद्यवृंदासह रचना पाठवली. ती मंजूर झाली, पण पदवी मिळाली नाही, कारण बाईला पदवी देण्याची तरतूदच नव्हती. तीच पदवी तीन वर्षांनी एकोणीस वर्षांच्या स्टेनरला मिळाली. ऑक्सफर्डनं बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९२० साली. स्टर्लिंग १८९५ मध्येच गेली होती. हे वाचून मला आजही संताप येतो.

पूर्वाकल्याण

सविस्तर उत्तराबद्दल आभार. पेडलवाली गोष्ट माहीतच नव्हती.

खर्जातला

मला पाश्चात्य संगीतातलं काही कळत नाही. ऐकायला सुरुवात कुठून करू?

वांद्रेकरीण

नाताळच्या कॅरल्सपासून करा. स्टेनरनं ब्रॅमली या सहसंपादकाबरोबर १८७१ मध्ये जुन्या-नव्या कॅरल्सचा संग्रह काढला होता. 'द फर्स्ट नोएल' त्यानं ज्या स्वरमेळात बांधलं त्यात ते आजही गायलं जातं, इथे मुंबईतसुद्धा. तुम्ही ते कुठे ना कुठे ऐकलेलंच असेल. चाल ओळखीची असली की खालच्या तीन आवाजांकडे कान देता येतो. आधी फक्त बास धरून ऐका, तुमचं नाव बघता तो तुम्हाला लगेच सापडेल.

षड्जपंचम

यात भर एवढीच. त्यानंतर 'द क्रुसिफिक्शन'मधला तो ऑर्गनविना भाग ऐका, आणि मग दुफायचं एखादं गाणं. तिन्ही ऐकायला अर्धा तासही लागणार नाही. मुंबईत असाल तर फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये किंवा कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये नळ्यांचा ऑर्गन पाहायला मिळेल. वारा_आणि_नळी यांनी सांगितलेला पायांचा स्वरपट नक्की बघून या.

पुढचा धागा सॅम्युएल सबॅस्टियन वेस्ली या इंग्लिश ऑर्गनवादक-रचनाकारावर काढतोय. १८३४ च्या ईस्टरला हेरफर्ड कॅथीड्रलात त्याच्यासमोर गायला फक्त मुलं आणि एकच बास होता, आणि त्यानं तेवढ्यांसाठीच लिहिलं. चिकित्सक, ती रचना तुम्हाला आवडेल असा माझा अंदाज आहे, तिथे बोलूच.